वेताळ, काळा दोरा आणि जुलैतली मुंबई

शुक्रवार : दादर, फाउंटन, धोबीतलाव

सांगलीहून रात्री महालक्ष्मीत बसलं की सकाळी दादर. गाडीबद्दल लिहिण्यासारखं काही घडलं नाही, पावसाबद्दल मात्र आहे. दादरचा पूल उतरून टॅक्सी मिळेपर्यंत मी इतकी भिजले की छत्री उघडणं हा नुसता शिष्टाचार उरला होता.

मी अद्भुत कादंबऱ्या लिहिते. राक्षस, शाप, बोलणारी झाडं वगैरे. नव्या कादंबरीतलं एक प्रकरण चित्रकथा म्हणून काढायचं ठरलंय. ते काढणारा मित्र शिवाजी पार्कला राहतो आणि त्याला रविवारची संध्याकाळ मोकळी होती. त्या निमित्ताने आगेमागे थोडी मुंबई करून घेतली. मुक्काम पार्ल्याला, दादाकडे. वहिनीने गेल्या गेल्या थालीपीठ पुढ्यात ठेवलं आणि नववीतल्या भाच्याने त्याच्या मांगा पुस्तकांची, म्हणजे जपानी चित्रकथांची, चळत. मी त्यातलं एक उघडलं, तर तो हसायला लागला. "आत्या, शेवटाकडून उघडलंस. हे उजवीकडून वाचतात." दोन पानांनंतर डोळ्यांना सवय झाली. माणूस बोलता बोलता थांबतो तेवढा क्षणसुद्धा ही मंडळी एका वेगळ्या चौकटीत दाखवतात. आपल्याकडे त्या जागेत तीन मारामाऱ्या उरकल्या असत्या.

दुपारी चर्चगेटला उतरून चालत फ्लोरा फाउंटन. १८६४ सालचं ते कारंजं पावसात उगीचच उडत होतं. फुटपाथवरचे जुन्या पुस्तकांचे ढीग निळ्या प्लास्टिकखाली. सर थांबली की विक्रेते प्लास्टिक मागे सारतात, पुढची सर आली की ओढून घेतात, आणि आपण मधल्या पाच मिनिटांत काय दिसेल ते हेरायचं. एका विक्रेत्याकडे मी इंद्रजाल कॉमिक्स आहेत का विचारलं. त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या ओल्या पिशवीकडे पाहिलं. "वेताल? वो इधर नहीं रखता मॅडम. भीग गया तो मेरा नुकसान. कलेक्टर लोग आता है, सीधा घर से ले जाता है." मग काय मनात आलं कोण जाणे, स्टुलाखालच्या पत्र्याच्या डब्यातून त्याने एक अंक काढला, नॅपकिनला हात पुसले आणि स्वतःच पानं उलटून दाखवली. मला हात लावू दिला नाही. किंमत ऐकून मी हात लावायचा हट्टही सोडला.

गंमत म्हणजे हा अंक जिथून निघाला ती जागा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इंद्रजाल कॉमिक्स 'टाइम्स ऑफ इंडिया'ने १९६४ साली सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मूळचा ली फॉकचा, १९३६ सालचा. लहानपणी मला त्याचा मुखवटा आवडायचा, आता त्यामागची युक्ती आवडते. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, पण तो अमर नाही. बाप मरतो, मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि तेच कपडे चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. म्हणजे अमरपणाची किंमत एक अख्खं घराणं पिढ्यान्‌पिढ्या चुकवतंय. माझं या सगळ्या प्रकाराबद्दल मत एवढंच आहे : अद्भुतात काहीही घडू दे, पण फुकट घडू नये. चमत्काराचं बिल कोणीतरी भरलं पाहिजे.

काळ्या घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शनसमोर थोडी थांबले. हे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईने इथे पहिल्यांदा पाहिली. तेव्हाही असाच पाऊस असणार. तिकीट काढून आत गेलेल्यांच्या चपला आठवून मला उगीच बरं वाटलं.

धोबीतलावला कयानीत ब्रून मस्का आणि चहा. १९०४ पासूनची ही इराणी जागा पावसात अगदी भरते. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसला तर दचकू नये, तशीच पद्धत आहे.

फाउंटनला जाणाऱ्यांसाठी : जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या न्याव्यात, एक पुस्तकांना आणि एक फोनला. भाव दिवेलागणीला, आवराआवर सुरू झाल्यावर करावा. आणि आपल्याला नेमकं कोणतं पुस्तक हवंय हे चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

शनिवार : पेडर रोड, गिरगाव, अंधेरी

भाच्याला घेऊन राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गेले. पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महाल नावाचा जुना बंगला आणि शेजारी नवी इमारत, असं दोन्हीकडे पसरलंय. २०१९ साली सुरू झालं. सोमवारी बंद असतं. आत निदान तीन तास हवेत. आम्ही दोनच तास ठेवले होते, कारण त्याला संध्याकाळी एक सुपरहिरोपट बघायचा होता आणि मी कबूल झाले होते.

फाळक्यांच्या दालनापाशी मी त्याला सांगत होते की भारतातला पहिला कथापट बनवायची वेळ आली तेव्हा या माणसाने गोष्ट निवडली ती शब्दाखातर राज्य, बायको, मुलगा आणि शेवटी स्वतःलाही विकणाऱ्या राजाची. १९१३ सालच्या त्या चित्रपटात तारामती झाले ते साळुंके नावाचे गृहस्थ, कारण काम करायला बाई मिळेना. हेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही होते. भाचा म्हणाला, "मग दोघांचा एकत्र सीन कसा घेतला?" बरोबर प्रश्न. चमत्कार बघून ज्याला "कसा केला" असं विचारावंसं वाटतं तो माझा वाचक.

त्याला खूश करायला मी बाबूभाई मिस्त्रींची गोष्ट सांगितली. १९३७ च्या एका चित्रपटात त्यांना अदृश्य माणूस दाखवायचा होता. त्यांनी मागे काळा पडदा लावला आणि वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या. पडद्यावर पेला आपोआप उचलला जातो, खुर्ची आपोआप सरकते. त्यावरून लोक त्यांना 'काला धागा' म्हणायला लागले. मला त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो. कॅमेऱ्याच्या बाहेर उकिडवा बसलेला, श्वास रोखून. झटका बसला तर पेला सांडणार आणि सगळं पुन्हा. कादंबरी लिहिताना माझीही बसण्याची जागा तीच असते. फक्त दोरा दिसला तर पुन्हा करायला मिळत नाही, परीक्षण येतं.

तिथून टॅक्सीने गिरगाव. फाळक्यांचा चित्रपट जिथे लोकांसाठी लागला ते कॉरोनेशन थिएटर आता नाही. पणशीकरांचं पियुष आहे, ते घेतलं. भाच्याने पेला चाटूनपुसून ठेवला आणि "हे पार्ल्यात का नाही मिळत असं?" म्हणून मलाच जाब विचारला.

गिरगावात आलं की बाबूराव अर्नाळकर आठवणारच. हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस. आमच्या घरी त्यांची पुस्तकं गादीखाली असायची आणि 'चांगली' पुस्तकं कपाटात, काचेमागे. गादीखालची झिजून फाटली, काचेमागची अजून कोरी आहेत. असं असूनही संमेलनाच्या मांडवात आम्हा मंडळींना परिसंवादातली शेवटची खुर्ची मिळते, तीही जेवणाच्या वेळेला. एक मोठा अपवाद आमच्याच भागातला आहे. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथेचं भाषणातून कौतुक केलं. त्याच्या आदल्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी कथा पाठवली होती ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटी केली की जविना, जयंत विष्णू नारळीकर. नावाच्या वजनावर बक्षीस नको म्हणून. एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि कथेसाठी स्पर्धेच्या रांगेत उभा राहतो, हे मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून जास्त भावतं.

संध्याकाळी अंधेरीच्या मॉलमध्ये तो सुपरहिरोपट. नाव लिहीत नाही, कारण कोणतंही नाव घातलं तरी चालेल. तीन शहरं कोसळली, आणि एकाही घराची भांडी फुटलेली दिसली नाहीत. जो मेला तो दुसऱ्या विश्वातून पुन्हा हजर. मग मेला तेव्हा मी रुमाल का काढला? पॉपकॉर्नच्या किमतीत मात्र कुठल्याही विश्वात सूट नव्हती.

घरी परतताना रिक्षात वाद. भाचा म्हणाला, "म्हणून तर मी मांगा वाचतो. तिथे मेला म्हणजे मेला." मी त्याला 'तुंबाड' पाहिलास का विचारलं. वहिनीने बघू दिला नव्हता, तेव्हा मी जपून सांगितला. २०१८ चा राही बर्वेंचा चित्रपट, कोकणातला वाडा. हस्तर या देवीच्या मुलाला सोनं मिळालं पण अन्न नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. तो असतो देवीच्या गर्भात. तिथे उतरायचं तर कणकेची बाहुली न्यायची, ती खाण्यात तो गुंतला की तेवढ्यात हाताला येतील त्या मोहरा उचलायच्या आणि दोर धरून वर. नियम लहान मुलालाही कळेल असे आहेत. मग लोभ वाढतो, बाहुल्या वाढतात आणि नियम उलटतो. कोणी येऊन बोधामृत पाजत नाही. हिशोबच अंगावर येतो. आणि तो पाऊस! अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात चित्रित केलेला. रिक्षाच्या पडद्यातून माझ्या गुडघ्यावर येत होता तसाच, आडवा.

रविवार : जोगेश्वरी, शिवाजी पार्क

बेत घारापुरीचा होता. समुद्र खवळलेला, गेटवेवरून बोटी बंद. पावसाळ्यात घारापुरी ठरवणाऱ्यांनी दुसरा बेत खिशात ठेवावाच. आमचा दुसरा बेत भाच्याने सुचवला, जोगेश्वरीची गुंफा. पार्ल्यापासून लोकलने चार पावलांवर, आणि इतकी वर्षं मुंबईला येऊन मी कधी गेले नव्हते. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा ब्लॉक असतो, तेव्हा वेळापत्रक आदल्या रात्री बघून निघावं. जोगेश्वरी पूर्वेला उतरून रिक्षा करावी.

चहूबाजूंनी वस्ती, वर घरं, कपडे वाळत घातलेले (पावसात वाळत नव्हते, नुसतेच घातलेले), आणि मधेच पायऱ्या जमिनीत उतरतात. सहाव्या शतकाच्या आसपासचं लेणं. खाली उतरलं की आवाज बदलतो. वरच्या टीव्हीचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज मागे राहतो आणि पाणी ऐकू यायला लागतं, छतातून, भिंतीतून, खांबावरून. मधोमध चार दारांचा गाभारा, त्यात जोगेश्वरी देवी. भिंतींवरच्या मूर्ती पाण्याने खाल्ल्यात. एक भलीमोठी आकृती आहे, तिचा खांदा कळतो, कमरेचा बाक कळतो आणि चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत दगड. मी भुताखेतांची वर्णनं करून पोट भरते, तरी त्या बिनचेहऱ्याच्या आकृतीकडे फार वेळ पाठ करून उभं राहवेना.

देवळात ओटीचं सामान विकणाऱ्या आजी होत्या. मी आपलं विचारलं, "आजी, रात्री कधी थांबलाय का इथं?" त्यांना माझा रोख लगेच कळला. "भुतं-बितं काही नाही हो बाई. पाणी आहे. ते काढता काढता जीव जातो." आणि त्यांनी खराट्याने माझ्या पायाखालचं पाणी पुढे लोटलं.

वर येऊन टपरीवर वडापाव खाल्ला. चटणी सुकी, लाल, कान गरम करणारी.

संध्याकाळी शिवाजी पार्क. आधी प्रकाशमध्ये साबुदाणा वडा. रविवारी रांग असते, पण ती भराभर सरकते. मित्राचं घर दोन गल्ल्या पलीकडे. टेबलावर त्याने पान मांडून ठेवलं होतं.

कादंबरीत एक बाई आहे, ती पाऊस थांबवू शकते. अट अशी की दर वेळी ती एका माणसाचं नाव विसरते. कोणाचं, ते तिला निवडता येत नाही. मित्र महिनाभर अडून बसला होता. "पाऊस थांबलेला काढतो मी. विसरणं कसं काढू?" लिहिताना मला एक वाक्य पुरलं होतं, त्याला ते दिसायला हवं होतं. त्याचं उत्तर त्या पानावर होतं. पहिल्या पट्टीत बाई अंगणात, हात वर, पावसाच्या रेघा अर्ध्यावर तुटलेल्या. दुसऱ्या पट्टीत दारातून नवरा विचारतोय, जेवायला वाढू का. तिसरीत ती वळलीय, तोंड उघडलंय, डोक्यावर बोलण्याचा फुगा आहे आणि फुगा रिकामा. शेजारी नवऱ्याचा हात पातेल्यावर तसाच. बस, एवढंच. मी पान खाली ठेवलं आणि माझं वाक्य कादंबरीतून काढून टाकलं तर चालेल का, असा विचार करत बसले.

"हे पुराचं रूपक आहे ना?" त्याच्या बायकोने चहा ठेवत विचारलं. हा प्रश्न मला सगळे विचारतात, कारण मी सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या पहिल्या मजल्याच्या जिन्यावर पाणी होतं. त्या रात्री पाऊस थांबवणारी बाई मला हवी होती, अगदी खरोखरची, हाडामांसाची. रूपक घेऊन काय करायचं? पाण्यात बोट न्यायला ते उपयोगी पडत नाही. राक्षस म्हणजे भांडवलशाही आणि चेटकीण म्हणजे परंपरा असा कोश हातात घेऊन वाचणाऱ्यांना मी एकदा राक्षसाच्या घरी जेवायला पाठवणार आहे.

"अहो पण वाचक लावणारच अर्थ," ती म्हणाली.

"लावू दे की. आधी भिजू दे, मग लावू दे."

मराठीत चित्रकथा का चालत नाहीत यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. मित्राचं गणित रोकडं आहे. एक रंगीत पान काढायला त्याला तीन दिवस, छपाई महाग, आणि दुकानदार ते पुस्तक बालविभागात ठेवतो. तिथे आई-बाप किंमत बघतात आणि रंगवायचं पुस्तक घेऊन जातात. माझं म्हणणं, दिवाळी अंकांनी पानं द्यावीत. 'धनंजय', 'नवल' यांच्यासारख्या अंकांनीच तर गूढकथा जगवली. आम्ही एका अंकाला आठ पानं पाठवायचं ठरवलं. कोणत्या, ते छापून आलं की सांगेन.

सोमवार : माटुंगा, पार्ले

पहाटे रेड अलर्ट, शाळेला सुट्टी. आणि सुट्टी जाहीर झाल्या झाल्या ऊन. भाच्याच्या मते हवामान खात्यात कोणीतरी मुलांच्या बाजूचं आहे.

काही संग्रहालयं सोमवारी बंद, म्हणून माटुंगा. दादरला गाडी बदलून मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरावं. किंग्ज सर्कलला जोराच्या पावसात पाणी भरतं, तेव्हा आकाश बघूनच जावं. तिथल्या एका उपाहारगृहात रसम वडा आणि कॉफी घेतली, मग सर्कलजवळची जुन्या पुस्तकांची दुकानं. इथे फाउंटनपेक्षा निवांत बघता येतं. अभ्यासाच्या पुस्तकांच्या थप्प्यांआड चांदोबाचे सुटे अंक सापडले, एकाला मुखपृष्ठ नाही, एकावर कुणीतरी राजाला मिशा काढलेल्या. दुकानदाराने दोन्ही मिळून वडापावच्या भावात दिले.

दुपारी पार्ल्याला भाचा जमिनीवर पालथा पडून विक्रम-वेताळ वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "हा नियम भारी आहे. उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोकं फुटणार, बोलला तर वेताळ पळणार." गेले तीन दिवस मी हेच समजावत होते, ते एका फाटक्या अंकाने चार पानांत केलं.

"पण आत्या, राजाला उत्तर खरंच येत नसेल तर?"

तोच तर मूळ वेताळपंचविशीचा शेवट. त्याला सांगितला. बाप आणि मुलगा जंगलात दोन बायकांची पावलं बघतात, एक मोठी, एक लहान. ठरतं की मोठ्या पावलांच्या बाईशी बापाने लग्न करायचं, लहान पावलांच्या बाईशी मुलाने. शब्द दिला जातो. शोधून काढतात तर त्या मायलेकी, आणि मोठी पावलं निघतात लेकीची! शब्द तो शब्द. बापाचं लग्न लेकीशी, मुलाचं तिच्या आईशी. दोघींना मुलगे होतात. वेताळ विचारतो, या दोन मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला सांगता येत नाही, तो गप्प राहतो, आणि गप्प राहूनही डोकं शाबूत राहतं.

भाचा उठून बसला. माझ्या परतीच्या तिकिटाच्या प्रिंटमागे त्याने चार गोल काढले, रेघा ओढल्या, खोडल्या, पुन्हा ओढल्या. वहिनी आतून विचारत होती की डब्यात दशम्या देऊ की पुऱ्या.

"थांब... आईचा मुलगा हा लेकीचा भाऊ. म्हणजे लेकीच्या मुलाचा मामा." पेन्सिल दुसऱ्या गोलावर. "आणि लेकीचा मुलगा बापाचा, म्हणजे तो या मुलाचा भाऊ. म्हणून मुलाच्या मुलाचा काका. आत्या, ते एकमेकांचे मामा आणि काका आहेत!"

"झालं," मी म्हटलं. "बोललास. गेला वेताळ झाडावर."